बी साईडचा अनामिक वादक

तलवाडा, ११ फेब्रुवारी २०२५

संगीत-अभ्यासक डॉक्टर परमेश्वरराव यांस,

थोरल्या भावाचा आशीर्वाद हाय, पण तो शेवटाला देतो. आदी बोलून घेतो.

फोनच करणार व्हतो. पण मी जरा आवाज चढवला की पुण्यासारख्या शहरात तुझी रेंज जाती. कागदाला रेंज लागत न्हाई, म्हणून पोस्टात टाकायलोय. सातवी पास माणसाचं अक्षर हाय, सांभाळून घे.

तुझा व्हिडिओ बघितला. 'चित्रपटगीतांवरील जॅझचा प्रभाव : मुंबई ते मराठवाडा.' तुझ्या पुतणीनं, दिपालीनं, मोबाईल पाण्याच्या ग्लासाला टेकवून लावून दिला. बेचाळीस मिनिटं मी हाललो न्हाई. तुझी वहिनी दहाव्या मिनिटाला उठली. म्हणली, "भावजी लई चांगलं बोलायलेत, पण काय बोलायलेत?" मी म्हणलं, सुनिता, तुला कळू ने म्हणूनच तसं बोलायलाय, त्याचाच पगार घेतो तो.

आता खरं ते खरं. पहिली वीस मिनिटं मला पटली. जुन्या सिनेमातलं क्लबाचं गाणं तू सोडवून दाखवलंस. झांजेवर ब्रश घासल्यागत खसखस, त्याच्याखाली बास एकेक पायरी चढतो-उतरतो, अन् मग तोंड दाबलेलं ट्रंपेट. गोव्याचे वादक सांजच्याला हॉटेलात जॅझ वाजवायचे अन् दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बसायचे, म्हणून तिकडची चाल हिकडच्या गाण्यात आली, हे पण बरोबर. आमाला नाव मालूम न्हवतं, पण चाल मालूम व्हती. आबा तसल्या गाण्याला 'लडखडतं गाणं' म्हणायचे. बँडवाल्याला असलं गाणं लई सोपं जायचं, कावून की त्यात बाज्याचे तुकडे आयतेच असायचे. गाणारी बाई गेली तरी गाणं उभं राहायचं. अन् ट्रंपेटचं तोंड दाबायला तुमच्या मुंबईला काय महागाचं भांडं लागत असंल ते असो, आमचा रामेश्वर स्टीलचा पेला लावायचा. अजून लावतो.

एकविसाव्या मिनिटाला तू आपली कॅसेट काढलीस. तात्याबा ब्रास बँड, तलवाडा, सन शहाण्णव. तितं माझं डोकं फिरलं.

तू काय म्हणलास? आबाच्या क्लॅरनेटमधला गंधार कोमल बी न्हाई, शुद्ध बी न्हाई, दोन्हीच्या मधे लोंबकळतो. हा 'ब्लू नोट'. अन् मग आठ मिनिटं आफ्रिका, गुलामांचं दुःख, समुद्र, जहाजं. आमच्या बापाच्या गंधारात जहाजं!

अरे गाढवा, ते उतरलेले सेल हायेत.

कॅसेटच्या पाच वर्षं आदी, एक्याण्णवला, ऊसतोडीला गेलतो आपण. पाचटाच्या कोपीत लाईट न्हाई, टेप सेलवर. नवे सेल घ्यायची ऐपत न्हाई, म्हणून उतरलेले सेल काढून पत्र्यावर उन्हात मांडायचे. तापले की दोन-चार गाणी वाजायची, मग टेप रडायला लागायचा. क्लबाचं गाणं सिनेमाच्या कॅसेटच्या शेवटाला व्हतं. दुसऱ्या ओळीला नेमका टेप दम टाकायचा अन् सूर खाली बसायचा. आबा तेच गाणं तसंच शिकले. हंगामभर वाजवलं, बोटात बसलं. गावाकडं आल्यावर मी नवे सेल घालून ऐकवलं तर आबा मला म्हणले, "ह्या मुंबईवाल्यानं चुकीचं वाजवलंय."

हे तुला मालूम न्हाई असं म्हणू नकोस. पत्र्यावर सेल मांडायचं काम तुझंच व्हतं बे. बारा वर्षांचा घोडा व्हतास. सेल गरम झाले का म्हणून गालाला लावून बघायचास. अन् आता कॅमेऱ्यापुढं चष्मा पुसत आफ्रिका सांगायलास?

पण मी त्याच्यासाठी पत्र लिहीत न्हाई. आबाच्या गंधाराला तू जहाजात बसीव न्हाईतर इमानात, आबा गेले, त्यांना काय फरक पडत न्हाई. मी हाय अजून.

तू म्हणलास, "या ध्वनिमुद्रणातला तालवादक अनामिक आहे."

परत लावायला लावलं दिपालीला. तीनदा ऐकलं. अनामिक. दिपालीनं मोबाईल बंद केला अन् माझ्याकडं बघिना.

अन् दोन दिसांनी तुझा लिफाफा आला. तुझ्या होणाऱ्या पुस्तकातली आबाच्या बँडवरची पानं, अन् सोबत एक कागद, त्याच्यावर मी सही करायची, की कॅसेट अन् फोटो वापरायला वारसाची हरकत न्हाई. तुझ्याकडं घासलेली कॉपी हाय, असल कॅसेट माझ्या ट्रंकेत हाय, म्हणून माझी आठवण झाली. पानं वाचली. पान एकशे अठरा. तितं पण तेच. 'अनामिक तालवादक.' अनामिक माणसाची सही कशाला पायजे तुला? सही न्हाई, कॅसेट न्हाई. माझं नाव छापायचं कबूल कर, मग बोलू.

आशीर्वाद आता घे.

तुझा,
अनामिक


तलवाडा, ३ मार्च

परमेश्वररावांस,

तुझं छापील पत्र पोचलं. सख्ख्या भावाला लिहायला प्रिंटर लागतो तुला. खाली सही तेवढी हातानं केलीस, मेहरबानी.

तू लिहितोस, संशोधनात तटस्थ राहावं लागतं. घरच्या माणसाचं नाव घातलं तर लोक म्हणतील भावाची जाहिरात करायलाय. मग बापाचं नाव कसं घातलंस रे? बाप काय भाड्यानं आणलता? पानभर 'क्लॅरनेटवादक तात्याबा' अन् त्याच्या शेजारी चालणारा अनामिक. ही तुझी तटस्थता मला चांगली कळली. दिमाखाचं तेवढं घरचं, लंगडं ते परक्याचं.

अन् फोटो. शहाण्णव सालचा, लग्नातला. आबा मधे, रामेश्वर उजवीकडं, तू खुळखुळा घेऊन पुढं दात काढायलास. मी डावीकडं व्हतो. तू छापायला घेतलेल्या फोटोत डावीकडं एक हात हाय, त्यात ड्रमची काडी. बाकी आसाराम कुठं गेला? हात पण छाटायचा ना. का जागा पुरली न्हाई?

आता तुझ्या 'स्विंग'कडं येतो. हे मी तुला शिकवायलोय, लिहून घे.

तू पान एकशे वीसवर लिहिलंस की कॅसेटच्या ए साईडला ताल सरळ, बांधलेला हाय, अन् बी साईडला तोच ताल मोकळा होतो. पहिला ठोका जागेवर, दुसरा जरा उशिरा, परत पहिला, परत दुसरा उशिरा. 'वादकाने चित्रपटगीतांतील जॅझची लय आत्मसात केल्याची खूण.' अन् ए साईड ते बी साईड हा म्हणं 'परंपरेकडून मुक्ततेकडे प्रवास' हाय.

प्रवासच हाय बाबा. ए साईड आपण गेवराईला एका कॅसेटच्या दुकानात सतरंजीवर बसून वाजवली. बी साईड युसूफ वडगावच्या लग्नात, नवरदेवाला परण्यात मारुतीला नेताना, चालत चालत वाजवली. दुकानदाराचा माणूस टेप डोक्यावर धरून आपल्यापुढं उलटा चालत व्हता, अन् एकदा नालीत पडला, तितं दोन सेकंद आवाज जातो. तू त्याला काय म्हणलंस? 'अर्थपूर्ण विराम.' सुनिताला वाचून दाखवलं तर ती भाकरी थापता थापता हसून बेजार झाली.

बसून वाजवलं तर सरळ, चालून वाजवलं तर लडखडतं. आता एवढं शिकलेल्या माणसानं सांगावं, कावून?

माझा डावा पाय दीड इंच आखूड हाय, म्हणून.

उजवा पाय पडतो तो जागेवर. डाव्याला जमिनीपर्यंत जायला दीड इंच जास्त लागतो, त्यो उशिरा पडतो. साईड ड्रम पट्ट्यानं गळ्यात असतो, मांडीवर आदळतो. पायाच्या पुढं काडी नेता येत न्हाई. पाय पडंल तसा ठोका पडतो. मग आबानं त्याच्यावर क्लॅरनेट बसवलं, रामेश्वरनं ट्रंपेट, अन् सगळा बँड माझ्या मागं लंगडत चालला. लोक नाचायचे. म्हणायचे, तलवाड्याच्या बँडला ठेका भारी हाय, दुसऱ्या कुणाला येत न्हाई. कसा येईल? त्यांचे पाय सारखे व्हते.

तू त्याच बँडात सात वर्षं खुळखुळा वाजवलास. माझ्या डाव्या पायावर नजर ठेवूनच वाजवायचास, मी बघितलंय. तवा हे तुला मालूम न्हाई असं आईची आण घेऊन सांग.

पाय कसा गेला ते पण लिहितो, न्हाईतर तू त्याच्यातपण अमेरिका काढशील. पंच्याऐंशी सालचा हंगाम. उसानं भरलेली बैलगाडी चढावर उभी व्हती. चाकाखाली लावलेला दगड घसरला. मी मागं दोर आवळत व्हतो. गाडी मागं आली. अकरा वर्षांचा व्हतो. दगड घसरतात. एवढंच.

मला एकच सांग. तुला लंगड्या भावाची लाज वाटती का? पुण्याच्या लोकांत, तुझ्या कॉलेजात, सांगायला अवघड जातं का की हा ठेका ज्याचा हाय तो माझा भाऊ, ऊस तोडायचा, अन् पाय ओढत चालतो? वाटत असंल तर तसं लिही. मी मोकळा हुईन. पण तटस्थता मला शिकवू नकोस.

दिपाली म्हणली, बाबा, काकाचं पुस्तक अडवू नका, मे महिन्यात छापायला जाणार हाय. मी म्हणलं, त्याच्या हातात पेन हाय, दोन शब्दांचं काम हाय.

तुझा,
डावीकडचा हात


तलवाडा, ३० मार्च

विद्वान,

महिना होत आला, तुझा कागद न्हाई, फोन न्हाई. दिपालीनं दोनदा मेसेज टाकला, ती म्हणती निळ्या खुणा आल्या, म्हंजे वाचलंस. गप बसायला तुला कुणी डॉक्टरेट दिली न्हाई, ती तुझी लहानपणापासूनची हाय.

एक झालं ते सांगतो. तुझ्या कामाचं हाय, फुकट देतो.

दिपाली बीडला दवाखान्यात नर्स हाय, ते तरी आठवतं का? तिनं मला एका शिबिरात नेलं. तितं मापं घेऊन बूट बनवून दिले. डाव्या बुटाला दीड इंचाचा तळवा. घातला अन् उभा राह्यलो तर जिंदगीत पहिल्यांदा दोन्ही खांदे सारखे झाले. सुनिता म्हणली, "अगं बाई, हे एवढे उंच व्हते व्हय!" मला पण बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. कंबर दुखायची थांबली.

मागच्या गुरुवारी कड्याला लग्न व्हतं. डीजेच्या जमान्यात बँड बोलवणारी एखाद-दुसरीच घरं राह्यलीत, त्यातलं एक. नवे बूट घालून गेलो. परण्या निघाला. मी साईड उचलला, काड्या मारल्या, अन् पन्नास पावलं चालल्यावर रामेश्वरनं ट्रंपेट तोंडातून काढलं. म्हणला, "आसाराम, आज लग्न हाय का पोलीस परेड?"

मला वाटलं हात आखडला. परत लावलं. सरळ! एक-दोन, एक-दोन, शाळेतल्या पोरांच्या कवायतीवाणी. क्लबाचं गाणं घेतलं तर लई वाईट अवस्था. क्लॅरनेटवाला पुढं, मी मागं, ट्रंपेट भलतीकडंच. चतुराबाई म्हणून एक म्हातारी हाय तितली, आबाच्या काळापासून आपल्या बँडापुढं नाचती. ती दोन पावलं नाचली अन् थांबली. माझ्याजवळ येऊन म्हणली, "लेकरा, तुझं काय दुखायलंय का? पायाला गाणं चढंना आज."

मी रस्त्याच्या कडंला बसलो, बूट काढले, रामेश्वरच्या पोराच्या गाडीवर ठेवले, अन् अनवाणी चाललो. भर दुपारचं डांबर, तळपाय भाजून निघाला. पण दहा पावलांत ठेका जागेवर आला. चतुराबाईनं पदर खोचला. नवरदेवाचा घोडासुद्धा नीट चालायला लागला.

हे तुझ्या पुस्तकात घाल. पुरावा पायजे असतो ना तुमाला? बूट घातला तर जॅझ जातो, बूट काढला तर येतो. छाप.

अजून एक. दिपालीच्या कानातल्या त्या बोंड्या लावून मी ते क्लबाचं मूळ गाणं परत ऐकलं. फक्त ड्रमवाल्याकडं कान देऊन. अन् परमेश्वर, तो माणूस तेच करायलाय. दुसरा ठोका उशिरा. पण सारखा उशिरा न्हाई. बाई शब्द ओढती तितं तो तिची वाट बघतो, ती घाई करती तितं तिच्या आदी जाऊन उभा राहतो. तिसऱ्या अंतऱ्यात तर एक ठोका टाकतच न्हाई, अन् न टाकलेला ऐकू येतो. त्याचे दोन्ही पाय चांगले असणार, खुर्चीवर बसून वाजवलं असणार. मला देवानं आखूड पाय देऊन जे करायला लावलं ते त्यानं डोक्यानं केलं. मी हात जोडले त्या माणसाला. नाव मालूम न्हाई त्याचं.

अन् मग मला तुझ्या व्हिडिओचं सातवं मिनिट आठवलं. परत लावायला लावलं. तू म्हणतोस, "या वादकांची नावं चित्रपटाच्या पाट्यांमध्ये कधी आली नाहीत. ज्यांनी ही गाणी उभी केली त्यांना आपण अनामिक ठेवलं. हा केवढा अन्याय आहे." आवाज कापरा झालता तुझा. खिशातून रुमाल काढलास.

सातव्या मिनिटाला रुमाल, अन् एकविसाव्या मिनिटाला माझं नाव गिळलंस. थू तुझ्या रुमालावर.

मला काय मिळणार हाय नाव छापून? तुझं पुस्तक तलवाड्यात कोण वाचणार? पण दिपाली वाचंल. तिच्या लेकराला दाखवंल की हे बघ, तुझ्या आज्यानं हे केलंय. मी आयुष्यात दोनच कामं केली, ऊस तोडला अन् ठेका धरला. उसावर कुणी नाव लिहीत न्हाई. ठेक्यावर लिहायची एक संधी आली, ती माझ्या भावाच्या हातात हाय, अन् तो भाऊ म्हणतो अनामिक. मला वाईट वाटायलंय बे. शिव्या देतोय म्हणून मजेत हाय असं समजू नकोस.

सही अजून न्हाई. कॅसेट ट्रंकेत हाय.

तुझा,
अनवाणी


तलवाडा, १९ एप्रिल

परम्या,

पत्र पोचलं. या खेपेला हातानं लिहिलंस. अक्षर अजून तसंच, उजवीकडं पडायला आलेलं. आबा म्हणायचे ह्याच्या अक्षराला टेकू द्या.

चारच ओळी. दुसरी ओळ मी सुनिताला वाचून दाखवली न्हाई. 'दादा, दगड घसरला नव्हता. मी काढला होता.'

बरं. मग आता मी पण सांगतो. मला मालूम हाय.

मी गाडीच्या मागंच व्हतो ना बे. तू चाकाशी वाकलेला दिसलास मला, लाल चड्डीत. तेलाचा रिकामा डबा वाजवायचा नाद लागलता तुला, अन् काडीनं मोठा आवाज येईना. आबासारखं वाजवायचं व्हतं. म्हणून दगड पायजे व्हता, अन् अख्ख्या रानात तुला तोच एक दगड दिसला. मी ओरडणार तेवढ्यात गाडी सरकली. गाडी माझ्यावर आली तवा तू डबा घेऊन तितंच उभा व्हतास, दगड हातात. त्यो दगड मीच तुला टाकून दे म्हणलं. तुला आठवत नसंल. मला आठवतं.

आबानं इचारलं, मी म्हणलं घसरला. आबाचा हात कसला व्हता ते तुला सांगायला नको. तू सहा वर्षांचा. मारून काय माझा पाय लांब झाला असता? मग तू तीन दिस जेवला न्हाईस. मायला वाटलं तुला ताप हाय. मला वाटलं माझा पाय बघून भ्यालास. नंतर तू कधी बोलला न्हाईस, मी म्हणलं लेकरू इसरलं, बरं झालं, इसरू दे. म्हणून मी पण आजपर्यंत घसरला म्हणूनच सांगत आलो. तुला लिहिलेल्या पत्रात सुद्धा तेच लिहिलं, तू बघितलंस.

म्हंजे चाळीस वर्षं मी तुझ्यापासून लपवलं की दगड तू काढला, अन् तू माझ्यापासून लपवलंस की दगड तू काढला. दोघं एकाच दगडाला दोन बाजूंनी झाकून बसलो. काय अक्कल! एक सातवी पास अन् एक डॉक्टरेट, पण अक्कल सारखी निघाली. आबा असते तर दोघांना एकाच दोरीनं बांधून हाणलं असतं.

तू लिहितोस, नाव लिहायला बसलास की पुढं पाय येतो, पायाच्या मागं दगड येतो, अन् हात थांबतो. म्हणून अनामिक लिहून मोकळा झालास. फोटोतून मला पण म्हणूनच कापलंस, पाय दिसत व्हता.

मी इतकी वर्षं दुसरंच धरून बसलतो. तू गावाकडं येत न्हाईस, आलास तर माझ्याकडं सरळ बघत न्हाईस, आबाच्या मातीला आलास अन् तिसऱ्याच दिशी गेलास. मला वाटायचं हा आपली लाज करतो. सुनिताला पण मी तेच सांगायचो, त्याला आपली लाज वाटती. लाज न्हवती, हे तुझ्या चार ओळींनी कळलं. रडलो मी. ओसरीवर बसून रडलो, दिपालीनं बघितलं, तिला वाटलं कोण गेलं का काय.

पण म्हणून तू सुटलास असं समजू नकोस. माझा पाय तू सहाव्या वर्षी घेतलास, अक्कल नसताना. त्याचा राग मला एक दिस आला न्हाई, देवाशप्पत. माझं नाव तू पंचेचाळिसाव्या वर्षी घेतलंस, शिकून-सवरून, चष्मा पुसून. राग त्याचा हाय. अपराध पोटात ठेवायला तुला माझंच नाव गिळावं लागलं का? दुसरं काही गिळायचं व्हतंस.

अन् हसू पण येतं. हा ठेका कुठून आला ते हुडकत तू गोव्याला गेलास, मुंबईला गेलास, व्हिडिओत अमेरिकेतल्या कुठल्या त्या नदीपर्यंत गेलास. अन् त्यो तूच केलता, लाल चड्डीत, एका हातानं. एवढं संशोधन कुणाचं वाया गेलं नसंल.

आता ऐक. दगडाचं पुस्तकात लिहायचं न्हाई. ते लोकांचं न्हाई, आपलं हाय. पायाचं लिही, बुटाचं लिही, चतुराबाईचं लिही. सेलचं तर लिहीच, अन् पत्र्यावर सेल कोण मांडायचं ते पण. त्या क्लबाच्या गाण्यातल्या ड्रमवाल्याचं नाव हुडकून काढ, तेवढं तुझ्या शिक्षणाला जमायला पायजे. न्हाई सापडलं तर तितं अनामिक लिही. त्या शब्दाला तीच जागा हाय.

दिपालीचं लग्न चार मेला हाय. पत्रिका येगळी येईल, पण आमंत्रण हेच धर. डीजे लावणार न्हाई, तिनंच सांगितलं. परण्यात मी साईड वाजवणार हाय, बूट न घालता. तुझा खुळखुळा अजून ट्रंकेत हाय, आतल्या बिया निम्म्या राह्यल्यात, आवाज येतो. माझ्या डावीकडं चालायचं. भाषण केलंस तर नालीत ढकलून देईन.

कागदावर सही केली हाय. असल कॅसेट सोबत पाठवतो, कापसात गुंडाळली हाय, बी साईड आदी ऐकू नकोस, आदी ए ऐक. फोटो पण पाठवतो, अख्खा. कात्री लावायची न्हाई.

पान एकशे अठरा परत पाठवायलोय. त्याच्यावरचा तुझा शब्द मी पेनानं खोडलाय अन् वर माझं नाव लिहिलंय. जागा कमी व्हती, म्हणून शेवटची अक्षरं समासात गेली. अक्षर वाईट हाय, पण वाचता येतं.

आसाराम तात्याबा
साईड ड्रम, तलवाडा